जयवंता अजून मेलेली नाय

प्रति,
मा. ग्रामसेवक तथा जन्म-मृत्यू निबंधक,
ग्रामपंचायत आंबेटेप, ता. खालापूर, जि. रायगड.

विषय : माझं पात्र जयवंता घोडेवाली हिचा बेकायदा मृत्यू रद्द होणेबाबत.
संदर्भ : पंचायतीच्या फळ्यावरची गोष्ट, आपण लिहिलेला गेल्या सोमवारचा भाग.

महोदय,

अर्ज करतो की, आपल्या गावात दर सोमवारी फळ्यावर गोष्टीचा पुढचा भाग खडूनं लिहितात. ज्याची पाळी त्यानं लिहायचं. दुसऱ्याच्या पात्राला मारायचं, नायतर बोहल्यावर चढवायचं, तर आधी मालकाला विचारायचं. हा नियम सभेत आपणच वाचून दाखवलात.

१) सदर जयवंता माझी. माथेरानला घोडा चालवते, पाहुण्यांना एकच पॉइंट तीन नावांनी दाखवते. आपण मला न विचारता तिला दरीत ढकललंत. घोड्यासकट. घोड्यानं काय घोडं मारलं होतं?

२) मारलीत, तेपण गिळलं असतं. पण पडता पडता तिच्या तोंडी घातलंत, "ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा!" जी बाई जन्मात सरळ बोलली नाय, ती मरताना घंटागाडीची जाहिरात करंल? मारलीत त्याचं नाय, शहाणी केलीत त्याचं दुःख हाय.

३) शेजारच्या भागूबाईला वाचता येत नाय, तिला गोष्ट मीच वाचून दाखवतो. ती दुखवट्याला माझ्या दारात येऊन बसली. "मुनाफ, तुझी बाई गेली रं! घोडा तरी वाचवायचास." माझी बायको मासूमा मागंच चहा घेऊन उभी. मयताच्या घरचा म्हणून भागूबाईनं तो चहा घेतला नाय. आता ती फळ्याकडे फिरकत नाय.

४) मयताची खबर घरच्यांनी द्यायची असते, हे निबंधकाला मी काय सांगू? मी दिलेली नाय, देणारपण नाय.

५) आपलं पात्र, ते कधी उशीर न करणारे आदर्श साहेब, माझ्या पाळीत दोनदा आले. हात लई शिवशिवले. तरी त्यांच्या शर्टाची इस्त्री मी मोडली नाय.

येत्या सोमवारी खडू माझ्याकडे हाय. जयवंता करवंदीच्या जाळीत अडकून वाचलेली हाय. ती घोड्यासकट साहेबांच्या टेबलापुढं येणार आणि स्वतःच्या मृत्यूचा दाखला मागणार. तिथंच मी थांबणार. त्यापुढची पाळी आपल्याला मिळावी अशी मी स्वतः शिफारस करतो. साहेब काय बोलतात ते आपणच लिहा. दुसऱ्याच्या पात्राचं तोंड मी उघडत नाय.

आपला नम्र, पण न हटणारा,
मुनाफ इब्राहिम धनसे
मंडप डेकोरेटर, आंबेटेप
दि. २२ नोव्हेंबर २०२५

सोबत : भागूबाईचा अंगठा. घोड्यासाठी तिनं वेगळा दिलाय.