दहा माणसांचा कमांडर

प्रिय दादा,

जय भीम. तू गेल्यापासून तुला लिहायचं टाळत होतो. पण आज ग्रामपंचायतीत भांडून आलोय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आसेगावच्या वाचनालयाला तुझं नाव देताहेत. पाटीचा मजकूर वाचला आणि डोकंच फिरलं. ‘ब्रिगेड कमांडर’! अरे, ब्रिगेड!

मी म्हटलं, “सरपंच, दादा हवालदार होता. सेक्शन कमांडर. त्याच्यासकट दहा माणसं.”

“भाऊ, ब्रिगेड लिवलं तं काय बिघडते? गावाचं नाव होऊन राह्यलं, अन तुमीच काहून आडवे येता?”

“मंग राष्ट्रपतीच लिवा ना! दगड तं तेवढाच लागते.”

सगळे हसले. मी नाही हसलो.

कारण चूक मूळची माझीच. तू सुटीवर आलास की मंगरूळच्या स्टँडवर मीच सांगत सुटायचो, ‘आमचा दादा ब्रिगेड सांभाळते!’ तू ऐकलंस, पण चारचौघांत बोलला नाहीस. ताईच्या लग्नात मात्र मला पंगतीवर वाढायला उभं केलंस.

“ही दहा पानं म्हंजे तुया सेक्शन. कोणाले वरण नाही आलं, कोणाले तिखट चालत नाही, सारं तुले ठावं पाह्यजे. असे तीन सेक्शन म्हंजे प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. अशा चार कंपन्या अन बाकीचा पसारा मिळून बटालियन. तीन बटालियनची ब्रिगेड. ब्रिगेडवाल्या साहेबाले कोणाच्या पानात काय हाये, ते दिसत नाही. मले दिसते.”

त्या दिवशी मी सगळ्यांत शेवटी जेवलो.

मी दहावी नापास. पण त्यानंतर मिळेल ते वाचून डिव्हिजन, कोअर, कमांडपर्यंत सगळी रचना पाठ केली. आजही कोणी चुकलं तर जागेवर सुधारतो. आणि तुझ्या त्या नऊ जणांची नावं? एकदाही विचारली नाहीत. तूही का नाही सांगितलीस रे?

तू वारल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला त्यांतले तिघं आले होते, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून. ब्रिगेडमधून नव्हते आले दादा, तुझ्या सेक्शनमधून आले होते!

सरपंच शेवटी म्हणाले, “हीच पाटी, नाही तं पाटीच नाही.”

“मंग नाही,” म्हटलं, आणि उठलो.

उद्या त्या तिघांना फोन लावतो. नऊच्या नऊ नावं मिळवीन. पाटी लागली तर तुझ्यासकट दहा नावांचीच लागेल. तोवर भिंत कोरी राहू दे. का कोरी आहे, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी उभं करून सांगीन. शब्द आहे माझा.

तुझा धाकटा,
पुंडलिक