पूर्णा असेल तिथं काल्हेर

१७ नोव्हेंबर २००६

आज परत चुकीचं बोललो. चालत्या गाडीत!

खदानीच्या रस्त्यावर प्रॅक्टिस होती. टेकाडानंतरचं डावं वळण — वहीत मी माझ्याच हातानं ‘पूर्णा’ लिहिलंय. तोंडातून आलं ‘काल्हेर’. भावेशदादानं लगेच ब्रेक मारला. गाडीचा वेग उतरला. बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

मागच्या राऊंडला एका टीमचा पोरगा हसत होता, तुम्ही रॅली करता का एसटीचे थांबे पुकारता? बाकीचे वळणांना नंबर देतात. आमचे शब्द भावेशदादानं बनवलेत, घरच्या रस्त्यावरच्या गावांच्या नावांवरनं. मोकळं वळण, पाय न उचलता जाईल असं — पूर्णा. जरा आवळलेलं — काल्हेर. पार मागं बघायला लावणारं — कशेळी. कशेळीच्या पुढं आमच्याकडं शब्द नाही. नॅव्हिगेटरनं, म्हणजे मी, पुढचं वळण ओरडायचं आणि ड्रायव्हरनं त्या भरवशावर गाडी घालायची. धुरळ्यात त्याला काही दिसत नसतं.

आणि मी पूर्णा असेल तिथं काल्हेर सांगतोय. पुण्याच्या राऊंडपासून. मुद्दाम नाही — पण म्हणून काय झालं?

१८ नोव्हेंबर

दुपारी लाइट गेली. खालच्या कारखान्यातले कापडाचे लूम बंद. खोली हलायची थांबली की मला दचकायला होतं. लोक उलटे असतात म्हणे, त्यांना आवाजानं झोप येत नाही.

२० नोव्हेंबर

गोडाऊनच्या मागं धनेशची जिप्सी ताडपत्रीखाली पडून आहे. टीमचे मालक बाळारामशेठ ती भंगारात देत नाहीत. बोलतात, राहू दे, बघून अक्कल येईल. कुणाला? धनेश तर तिच्या बोनेटवर डबा ठेवून जेवतो. शेठचाच पोरगा तो, त्याला कोण बोलणार.

वाऱ्यानं ताडपत्री उडते आणि डावी बाजू दिसते. दरवाजा पार सीटला टेकलाय. नॅव्हिगेटर डावीकडे बसतो. तिथं रघू होता.

पुण्याच्या राऊंडला आम्ही मागच्या गाडीत. वळण घेतलं तर समोर चारी चाकं वर, अजून फिरतायत. धनेश बाहेर येऊन हेल्मेट झटकत होता. रघू आतच. ओरडत पण नव्हता! आता गावी आहे, पायात सळई घातलीय. त्याचे नवे बूट आमच्या गाडीत राहिले. माझ्याच मापाचे. मी नाही घातले.

मी या भानगडीत आलो तो आवाजामुळं. नववीनंतर कुठं टिकलोच नाही — लूमवर, ट्रकवर क्लीनर, इंदूरला ढाब्यावर. तिथली कचोरी! असो. परत आलो तर काल्हेरला टेनिस क्रिकेटच्या मॅचेस चालू होत्या, माईक मोकळा दिसला म्हणून कॉमेंट्री केली. बक्षीस द्यायला शेठ आले होते. बोलले, ह्या पोऱ्याचा आवाज इंजिनावरनं पन ऐकू येल. मला वाटलं, बसून बोलायचंच तर आहे.

२३ नोव्हेंबर

नाशिकचा शेवटचा राऊंड. गाडी एकच उरलीय. चालवणार कोण, भावेशदादा की धनेश? भावेशदादा शेठचा पुतण्या. तीन वर्षं टीम वर ठेवली ती त्यानं. पण शेठ पुतण्या-पोरगा बघत नाहीत, घड्याळ बघतात. आणि घड्याळ सध्या भावेशदादाच्या उलट्या बाजूला आहे.

आज मला वजनकाट्याजवळ बोलावलं. एक ट्रेलर वजनाला चढत होता, त्याच्या मालावर बकरी बसलेली. तिचं पण वजन धरत असतील का? मी तिकडंच बघत होतो.

शेठ बोलले, “घड्याळ किती ते सांगतं. कशाला ते सांगत न्हाय. तू भावेशचे बाजूला बसतोस. तू सांग.”

मी बोललो, “जरा आधी ब्रेक मारतो.”

खोटं नाही बोललो. तेच तर!

२४ नोव्हेंबर

भावेशदादानं मला चहा पाजला. बोलला, तोंड का उतरलंय, पोट बिघडलं काय? हो बोललो.

२६ नोव्हेंबर

शेठच्या घरी सगळे जेवायला. आक्कांनी, म्हणजे धनेशच्या आईनी, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबी केली होती. शेठनी हात धुता धुता सांगून टाकलं. नाशिकला धनू. सागर त्याचे बाजूला.

भावेशदादा फक्त हो बोलला आणि अर्धी भाकरी अजून मागून घेतली. वेगाला घाबरून मी ज्याला वाईट ठरवलं तो बाहेर, आणि ब्रेक कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही त्याच्या डावीकडं मी!

आक्का वाढता वाढता हळूच बोलल्या, तू हायस ना त्याचे बाजूला, मंग मना भ्या न्हाय. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

इंदूरचा ट्रक बुधवारी निघतोय, ड्रायव्हर ओळखीचा आहे. घरी येऊन पिशवी भरली.

२७ नोव्हेंबर

जायचंच आहे तर सांगून जाऊ म्हणून भावेशदादाकडं गेलो. तो गाडीतनं आपली सीट काढत होता. धनेश उंच, त्याला मागं सरकवून लागते. मी सगळं एका दमात ओकलो. वळणं आवळतो, पुण्यापासून, तुमची चूक नाही, शेठना सांगा.

त्यानं पाना खाली पण ठेवला नाही.

“माहीत हाय मना. तो रस्ता मी किती वेला गेलोय. पूर्णा कोनचं न काल्हेर कोनचं, कलत न्हाय काय?”

मग ब्रेक का मारलात? विचारलं मी.

“तुझा आवाज आला की पाय जातो. डोल्यापेक्षा कान आधी. तशीच सवय लावलीय मी. ती मोडली तर मी ड्रायव्हर कसला.”

मग त्यानं पुढचा नट काढायला घेतला. मी जायला वळलो तसा बोलला, काकाला काही सांगायचं नाही. सांगितलं तर तुला काढतील आणि धनूच्या बाजूला कुणीतरी खरं बोलणारा बसवतील. रघू खरंच बोलायचा. पुण्याला गाडी उलटली त्या दिवशी पण एकदम बरोबर बोलला होता.

“धनूला पूर्णा सांगितलं की तो पूर्णाच्याही पुढं जातो. त्याला आवलूनच सांग, सागर. जसा मना सांगायचास तसाच.”

म्हणजे माझी भीती आता कामाची! हसावं का रडावं कळेना. त्यानं उलट मलाच सीटचं दुसरं टोक धरायला लावलं. जड होती.

२९ नोव्हेंबर

ट्रक गेला. मी नाही गेलो. पिशवी तशीच भरलेली आहे.

धनेशबरोबर पहिली प्रॅक्टिस. पायानं गाडीचा पत्रा दाबत होतो, जसा काय माझ्याकडंच ब्रेक आहे. टेकाडानंतर ‘काल्हेर’ ओरडलो. तो पूर्णासारखा घुसला, मागचं चाक खडीवरनं घसरलं, पण गाडी रस्त्यावर राहिली. राहिली! खरं सांगितलं असतं तर?

खाली उतरून ओकलो. धनेश बोलला, काय रे, चायनीज खाल्लंस काय?

२ डिसेंबर

शेठनी घड्याळ दोनदा बघितलं. भावेशदादाच्या चांगल्या दिवसांतल्या वेळेपेक्षा पण कमी. आणि गाडीवर ओरखडा नाही. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली, धनेशच्या नाही. बोलले, पोरगा सुधारला तुझे संगतीनं.

भावेशदादा लांब उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून नुसती मान खाली केली.

५ डिसेंबर

जेवलो. झोपलो. लाइट गेली तरी जाग नाही आली. पिशवी रिकामी केली, तळाशी इंदूरच्या थेटराचं तिकीट निघालं, कुठला पिक्चर ते आठवेना. आक्कांनी धनेशची आणि माझी दृष्ट काढली. दोघांची एकाच मिठात.

८ डिसेंबर, नाशिक

उद्या सकाळी शर्यत. गाडी तपासायच्या रांगेत धनेश गालात हसत बोलला, “सागऱ्या, तू एक घर आवलून सांगतोस ना? खदानीवरच कललं मना. काय वांधा न्हाय. तू काल्हेर बोल, मी पूर्णा मारतो. तू कशेळी बोल, मी काल्हेर मारतो. फिट्टमफाट.”

मी बोललो, सगळी नाही आवळत रे! जिथं पोटात गोळा येतो तिथंच. बाकीची खरी असतात.

“बाकीची कोनची?”

आधी ठरलेलं नसतंच ते. मग आईची शपथ घेतली, उद्या वहीत आहे तसंच वाचतो, जसंच्या तसं.

तो हसला. “भावेशदादाला पन असाच बोलायचास ना?”

वही उघडून बसलोय. पहिलंच वळण आहे, उजवी कशेळी. मी खरं सांगितलं तरी तो काल्हेर मारणार, आणि कशेळीच्या पुढं आमच्याकडं शब्द नाही.