संघाच्या पाटीचा खड्डा

ती. अप्पामामांना,

इंद्रजीतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला, नवी म्हैस आणि यंदाची अद्रक, सगळ्यांची खुशाली कळवा (म्हशीची आधी कळवलीत तरी मामींना सांगणार नाही). आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

तुम्ही दर खेपेला विचारता, "तू करतो काय नेमकं?" शेंद्र्याकडे कारखाना किंवा रस्ता व्हायचा असला, की जमिनीखाली काही जुनं आहे का ते आधी पाहून मी लेखी सल्ला देतो. असे आम्ही शहरात सातजण. पण कामं मिळायची ती जागेवर न जाताच सही ठोकणाऱ्यांना. म्हणून आम्ही सल्लागार पुरातत्त्वज्ञांचा संघ काढला. नियम एकच, पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही. खरं सांगतो मामा, स्वतःच्या लग्नातही मला एवढा अभिमान वाटला नव्हता. क्रांती चौकामागं द्वारकाबाईंची खोली भाड्यानं घेतली आणि अंगणात पाटी रोवायचं ठरलं.

तिथंच घात झाला. खांबासाठी हातभर खड्डा पुरे होता, पण खणणारे आम्ही! दोऱ्या ताणून चौकोन आखला, ब्रशनं माती झाडली, चाळली. निघाला एक खापराचा काठ. आमची सचिव रूपा म्हणाली सातवाहनांचा, मी म्हणालो निजामाच्या काळातला. मतदान ठरलं, आणि दोघांनीही सभासद जमवायचा सपाटा लावला. पैठण, जालना, बीड, सगळीकडून माणसं आली. संघ असा फोफावला की दारात चपला मावेनात. पण प्रत्येक नवा सभासद (नियमाप्रमाणे) पाहिल्याशिवाय मत देईना, आणि पाहायचं म्हणून खड्डा थोडा वाढवी. काल खड्डा तुळशीवृंदावनाला भिडला.

द्वारकाबाई म्हणाल्या, "माझी तुळस पडली ना, तर तुमालाच घालीन त्याच्यात. रविवारपर्यंत बुजवा, नायतर खोली खाली करा." खड्डा बुजवायचा ठराव मीच मांडला. तो एकमतानं फेटाळला गेला. मीसुद्धा विरोधातच हात वर केला, कारण आता खाली विटा दिसायला लागल्यात. पण जागा गेली की संघ मोडेल, आणि पुन्हा त्या न बघता सही करणाऱ्यांचं फावेल. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा भाचा,
इंद्रजीत

ता. क. पिशोरची तुमची कापसाची खोली सध्या रिकामीच आहे ना? रविवारी संघ तिकडं हलवला तर चालेल का?

ता. क. तुमच्या अंगणात काडीनंसुद्धा उकरणार नाही. पाटी भिंतीलाच टांगू.

ता. क. भिंत कधीची आहे असं आमच्यापैकी कोणी विचारलं, अगदी मी विचारलं तरी, परवाच बांधली म्हणून सांगा.