आपलं आपण आलेलं शेवाळ

मल्लिपट्टणम, रविवार

शांभवी अक्का,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, कारण त्यात थोडा राग आहे. पण आजची गोष्ट आधी तुलाच सांगायची आहे. समुद्राच्या तळाशी पुन्हा शेवाळ वाढवायचं हे वेड आपल्या दोघींचं होतं.

वादळात आपले सिमेंटचे ठोकळे चिखलात रुतले, त्यांना बांधलेलं शेवाळ वाहून गेलं. तू म्हणालीस, "नंदिता, इथे आता काही उगवायचं नाही," आणि मेलबर्नला निघून गेलीस. तंजावरात मी सगळ्यांना सांगितलं, अक्काला मोठी नोकरी लागली. घरी येऊन मात्र खूप रडले.

मग मी रुंद बुडाचे, पोकळ ठोकळे करवून घेतले. कोळ्यांचे पुढारी आरोक्यम भडकले, "आमची जाळी फाटतील!" मी म्हटलं, "मग जागा तुम्हीच दाखवा." त्यांनी दाखवली, गावापासून लांब, जिथे कुणी जाळी टाकत नाही.

आज आरोक्यम आणि मी, दोघांनी तिथे बुडी मारली. शेवाळ गुडघ्याएवढं वाढलंय, त्यात माकुल माशांची अंडी लोंबतायत. आणि ठोकळ्यांपासून दूर, उघड्या खडकावरही कोवळे कोंब डुलत होते!

वर येताच आरोक्यमनी विचारलं, "तिकडे कधी लावलंत?"

"कुणीच लावलं नाही!" मी ओरडले. "आपलं आपण आलंय!"

ते नावेतून किनाऱ्याकडे हात करून म्हणाले, "अम्मा, पुढचे ठोकळे आमच्या गावासमोर टाका."

आनंदाने भिजलेली तुझी धाकटी,
नंदिता