चौथ्या भागातलं हसू

डेरेक,

तुझी मालिका कशी वाटली, असं विचारलं होतंस. पेपरात लिहिते तसंच सांगते. पहिले दोन भाग रटाळ आहेत. पाद्री फार बोलतो. घरमालकीण आईसारखी बोलायला लागते, तिथून मालिका उभी राहते.

सकाळी तुझ्या निर्मात्याचा फोन आला. चौथा भाग रविवारी पुन्हा लागणार आहे. "बाई, विनोद पुरा व्हायच्या आधीच प्रेक्षकांतली एक म्हातारी हसते. कसली घाई तिला? कापू का, डेरेकला विचारा." पाचपर्यंत कळवायचंय.

ती आपली आई आहे. मँचेस्टरच्या रेकॉर्डिंगला ती माझ्या शेजारीच बसली होती. भांडी पुसता पुसता तू तो विनोद तिला इतक्यांदा ऐकवलास की शेवट तिला पाठ होता. मी कोपर मारलं, तर म्हणाली, "गप गं, माझ्या पोराचा विनोद आहे, मी कधीही हसेन."

ती गेल्यापासून मी शोधतेय. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

समीक्षक म्हणून माझं मत, ते हसू चुकीच्या जागी आहे. पाचच्या आत फोन कर आणि ते तिथंच राहू दे म्हणून सांग.

सूप शेगडीवर आहे.

मॉरीन