अर्ध्या मिलिमीटरची कप्पी

दि. ९ मार्च, रविवार सकाळ

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा गुडघा कसा आहे? जिने कमी चढा म्हणावं, निदान विसरलेल्या वस्तूंसाठी तरी. विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, की अजून ‘बघू पुढच्या महिन्यात’ चाललंय? छोटीचा खोकला थांबला असेल. आणि तुझं मनगट? पट्टी बांधून शिकवायला जातेस, असं जावईबापूंनी कळवलं होतं. तेव्हाच तुला लिहायला बसलो होतो. पण चार वर्षांत आपलं लिहिणं-बोलणं नाही, मग पुन्हा त्यांनाच लिहिलं.

मी ठणठणीत आहे. दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

बातमी एवढीच, की रेकॉर्ड प्लेयर घरघर करायला लागला. कोपऱ्यावर एक दुरुस्तीवाली बाई बसते, तिला घरी बोलावलं. वयानं तुझ्याएवढीच, पण बोलायला तुझ्याहून तिखट. खालचं झाकण काढलं आणि म्हणाली, “काका, ही मोटरवरची कप्पी कंपनीची नाही.”

“नाहीच मुळी. मूळची तडकली, तेव्हा मी कारखान्यात लेथवर पितळेची केली. अठ्ठावीस वर्षांत झिजली नाही, बघा!”

“झिजायचं सोडा, जन्मतःच रोड आहे. अर्धा मिलिमीटर कमी.”

“अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय?”

पिशवीतून काळ्या-पांढऱ्या रेघांची चकती काढून तिनं फिरत्या थाळीवर ठेवली आणि वर दिवा धरला. वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात म्हणे. आमच्या रेघा शिस्तीत मागे मागे चालल्या होत्या.

“तुमचं सगळं गाणं सावकाश, काका. आणि खालच्या सुरात. कुणी काही बोललं नाही इतकी वर्षं?”

मी म्हटलं, “चहा घेणार का?”

तिनं योग्य मापाची कप्पी बसवली. ती गेल्यावर मी तुझ्या आईची तबकडी लावली, पियानो कॉन्चेर्टोचा तो मधला भाग. पाकिटावर त्याच्याखाली तीनच गोष्टी छापल्यात, तुला पाठ आहेत: सावकाश, एफ शार्प मायनर, सात मिनिटं. आपल्याकडे तो साडेसात मिनिटांच्या आसपास चालायचा. पाकीट छापणाऱ्यांनी गोळाबेरीज केली असेल, असं मी धरून चाललो होतो.

घड्याळ लावून ऐकला. बरोबर सात मिनिटं.

मग पियानोपाशी गेलो. एफ शार्पची काळी पट्टी दाबली, ती तबकडीशी जुळेना. तिच्या लगतची वरची पांढरी दाबली, ती जुळली. मी तिथेच स्टुलावर बसलो.

तुला ठाऊक आहे, इथली शाळा बंद पडली तेव्हा तिथला पियानो आपण आणला. तारा ढिल्या पडल्या होत्या. सूर लावायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पाकिटावर एफ शार्प मायनर लिहिलंय, म्हणजे ज्या सुरावर हे येऊन थांबतं तो एफ शार्प, असं मी धरलं. तो एक सूर तबकडीवरून घेतला आणि बाकीचे त्याच्यावरून लावले. त्यामुळे यंत्र आणि पियानो एकमेकांचे साक्षीदार झाले, आणि दोघेही अर्धा सूर खाली. चाळीस वर्षं फिटर होतो मी. लोकांच्या यंत्रांचा केसाएवढा फरक पकडला, घरच्या कप्पीला माप लावलं नाही.

संगीतशाळेतून तू पहिल्याच महिन्यात लिहिलं होतंस, “बाबा, इथले सगळे पियानो चढे आहेत.” मी उलट लिहिलं, दुसऱ्याच्या वाद्याला नावं ठेवू नकोस, रियाज कर. सूर ओळखायच्या परीक्षेत तू दोनदा नापास झालीस. दोन्ही वेळा मी काय लिहिलं, ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू नवा कान कसा घडवलास, किती दिवस लागले, कोणाशी बोललीस, मला काहीच माहीत नाही.

आणि मग चार वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम. तू हाच भाग वाजवलास. मागच्या खोलीत, तुझ्या गुरुजींसमोर, मी म्हणालो, “पळवलंस. रंग उडवलास सगळा.” तू म्हणालीस, “बाबा, आपलं घरचं वेगळं वाजतं.” त्यावर जे बोललो ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. तुझी आई असती तर उठून गेली असती, म्हणालो.

ठके, तुला एक गोष्ट माहीत नाही. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. ती तबकडी तुझ्या आईनं लग्नाआधी घेतलेली, नीट चालणाऱ्या यंत्रावर शंभरदा ऐकलेली. मी पितळेची कप्पी बसवली त्या संध्याकाळी ती भांडी पुसता पुसता म्हणाली, “हे पूर्वी असं रेंगाळत नव्हतं हो.” मी म्हटलं, “तुलाच सगळ्याची घाई.” ती हसली. त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

म्हणजे त्या सभागृहात तिला ओळखीचं असं वाजवणारी तूच होतीस. ती उठून गेली नसती. उठून गेलो असतो तो मी, आणि तिनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं असतं.

मी चुकलो. यंत्राचं सोड, ते कप्पीनं निभलं. जे बोललो त्यात मी चुकलो.

आता तो भाग रोज एकदा ऐकतो. मला तो रडका वाटायचा. तसा नाही तो. रडून झाल्यावर तोंड धुऊन कामाला लागलेल्या माणसासारखा आहे. हे तू तेव्हा वाजवून दाखवलं होतंस.

पियानोचा सूर वर चढवायला एक जाणकार गुरुवारी येतोय. एकदम ओढल्या तर तारा तुटतील, तीन हप्त्यांत करू म्हणतो. मी स्वतः हात लावणार नाही, घाबरू नकोस.

पुन्हा कुठे वाजवणार असशील तर दिवस कळव. शेवटच्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही. जावईबापूंच्या पत्राखाली नको, तुझ्या हातानं लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल. पण लवकर लिही.

तुझे,
बाबा