जेवणाच्या टेबलावरचं कावानिशी

१२ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

विमानाची डावी बाजू वाया गेली. म्हणजे बोहुश म्हणतो वाया गेली. मला ती उजव्या बाजूसारखीच दिसते.

सकाळपासून ओल्या पॉलिशपेपरवर घासतेय. बोटांची टोकं सोलवटली. टेबलावर, टॉवेलवर, माझ्या बाह्यांवर पांढरा चिखल. बोहुश, माझा नवरा, उजवा पाय ओढत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. उजवा हात मांडीवर ठेवलेला — म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवलेला. तोंड मात्र चालू. "गोल गोल घास, व्लास्ता. गोल म्हणजे गोल. तू काय चादरी धुतेयस?"

म्हटलं, अर्धांगाचा झटका तुझ्या जिभेला यायला हवा होता.

बोलून गेल्यावर वाईट वाटलं. तो हसला. मग आणखीनच वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर

या सगळ्याचं मूळ लोयझा. आजाऱ्याला बघायला येताना लोक संत्री आणतात. हा त्यांच्या छोटी विमानं बनवणाऱ्या क्लबातला मित्र प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला आणि बोहुशच्या पांघरुणावर ठेवून म्हणाला, "घे. मिळालं बाबा एकदाचं."

आत काय, तर पांढरे पत्रे. ब्रनोचा कुणी माणूस आपल्या गॅरेजात हे करतो. प्लॅस्टिकचा पत्रा तापवायचा, साच्यावर टाकायचा, खालून हवा ओढून घ्यायची, की पत्र्यावर अर्ध्या विमानाचा उंचवटा उठतो. त्याचं काम संपलं. पुढचं सगळं घेणाऱ्याने करायचं. उंचवट्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायची, सुरीने कापायचं आणि रेघ जाईपर्यंत घासायचं. कमी घासलं तर विमान लठ्ठ. जास्त घासलं तर दोन अर्धे एकमेकांना भेटत नाहीत. आणि बिघडलं तर दुसरा तुकडा नाही!

विमान जपानी, युद्धातलं, चार इंजिनांचं, पाण्यावर उतरणारं. कारखान्याचं नाव कावानिशी. अमेरिकन सैनिकांनी त्याला बाईचं नाव ठेवलं होतं — मेव्हिस. बोहुशही मेव्हिस म्हणतो. "मेव्हिसला सांभाळून उचल. मेव्हिसला ओल लागू देऊ नकोस." मला इतक्या हळुवारपणे त्याने कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

वीस वर्षं त्याला हे हवं होतं. आता आलं, तर हात गेला. म्हणून माझे हात. आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले त्या हातांनी!

१९ नोव्हेंबर

कुबीच्कोवाबाई आल्या होत्या, व्यायाम घ्यायला. मुलगी म्हणावी एवढ्या लहान, पण ऐकून घेत नाहीत. त्याचं एकेक बोट उघडत म्हणाल्या, "काका, यान्स्के लाझ्नेला तुमची सोय होतेय. डोंगरात, गरम पाण्याचे उपचार, रोज हाताचं काम. पण लवकर जायला हवं. हाताला जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येतं."

तो म्हणाला, "मेव्हिस झाल्यावर जाईन."

"कोण मेव्हिस?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. बाईंनी त्या दोन पांढऱ्या होड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाहेर पॅसेजमध्ये बूट घालताना हळूच म्हणाल्या, "मग काकू, उरकून टाका ना."

उरकून टाका!

३० नोव्हेंबर

दोन अर्धे जोडले. त्याने उघडायला लावले. पुन्हा जोडले.

८ डिसेंबर

आज पंख. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत धरला तरी पुरत नाही एवढा लांब. आणि तो विमानाला चिकटलेला नाही, वर काड्यांवर तोललेला, मांडवासारखा. काड्या मीच घासून केल्या. सहा. एक धरली की दुसरी सुटते. डिंक बोटाला लागतो, काडीला नाही.

"डावीकडे खाली गेलाय."

"नाही गेला."

"गेलाय. पुस्तकं लाव खाली. जाड नको, पातळ. ते नको, रेल्वेचं वेळापत्रक घे."

शेवटी पंख वेळापत्रकावर, स्वयंपाकाच्या पुस्तकावर आणि त्याच्या औषधांच्या खोक्यावर टेकवून ठेवला. टेबलाला हात लावायचा नाही अशी ताकीद. नाताळची बिस्किटं लाटायची होती. खुर्ची ओढून इस्त्रीच्या फळीवर लाटली. अर्धी वाकडी झाली. त्याने खाल्ली. वर म्हणाला, "जाडी सारखी नाही आली."

१५ डिसेंबर

पंख काढायला लावला. सरळ होता! मी पट्टीने मोजलं, दोन्ही टोकं सारखी. तरी म्हणे डोळ्याला खटकतं.

काढला.

२४ डिसेंबर

मासा आणि बटाट्याचं सॅलड मांडीवर ताटली घेऊन खाल्लं. टेबलावर मेव्हिस बसलीय, पंख पुन्हा चिकटवलेली, नुसत्या करड्या अस्तराच्या रंगात. सणाच्या दिवशी तरी हलवूया म्हटलं, तर म्हणाला, "तिला कुठे हलवतेस, अजून वाळतेय." बाहेर जिन्यात शेजारच्यांची पोरं गाणी म्हणत होती. मी काट्यांबरोबर अश्रूही गिळले. त्याला दिसलं असावं. डाव्या हाताने माझ्या ताटलीतल्या माशाचे काटे काढू लागला. सगळा मासा कुस्करून ठेवला. मी खाल्ला.

११ जानेवारी

रंग झाला. वरून गडद हिरवा, खालून राखाडी. लोयझाने रंग आणि त्याचा फवारा आणून दिला, मी बाल्कनीत थंडीत कुडकुडत मारला. मला — इथे लिहायला हरकत नाही — छान वाटलं. लांबून बघितलं तर खरंच विमान.

बोहुशने बराच वेळ बघितलं. "हिरवा चुकला. नौदलाचा हा नाही. काढ."

"काय काढ?"

"रंग. सगळा. स्पिरिट लाव."

मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

१४ जानेवारी

स्पिरिटने डोकं दुखतंय. निम्मा रंग निघाला. लोयझा आला, बघतच राहिला. "वहिनी, हे काय चाललंय?"

सांगितलं.

तो बोहुशकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा कोटाची बटणं लावत म्हणाला, "रंग बरोबर होता हो. नंबर त्यानेच मला फोनवर सांगितला होता. दोनदा वाचून दाखवला, विसरू नकोस म्हणाला."

दार लावून तिथेच उभी राहिले. आतून आवाज आला, "व्लास्ता, शेपटीकडचा राहिलाय."

बोळा घेऊन शेपटी पुसायला लागले. मुद्दाम केलं त्याने? म्हातारा झालाय, विसरला असेल, असं स्वतःला सांगतेय. पण त्याला साध्या किराणा सामानातलंही काही विसरायला होत नाही.

२६ जानेवारी

पुन्हा हिरवा. तोच. मी विचारलंच नाही.

आता फक्त काच राहिली. वैमानिकांच्या डोक्यावरची. पारदर्शक प्लॅस्टिक, कांद्याच्या सालीसारखं पातळ, पिशवीत एकच. काल छोट्या कात्रीने कापली, श्वास रोखून. एकदाही चुकले नाही! बशीत झाकून ठेवली. ती चिकटवली की झालं. कुबीच्कोवाबाईंना फोन केला, म्हणाल्या मार्चची जागा धरून ठेवते.

२७ जानेवारी

पाव आणायला गेले होते. परत आले तर बशीत काच उभी चिरलेली. आरपार.

"पडली," तो म्हणाला.

ती पिसासारखी आहे. पडली तर तरंगत पडेल. आणि पडली तर पुन्हा बशीत कशी?

मी पाव ठेवला. बटाटे सोलायला घेतले. सूप टाकलं. मग तो म्हणाला, "मीच दाबली. अंगठ्याने."

"का?"

"झालं की जावं लागेल."

"मग जाऊ. तेच तर ठरलंय."

"आणि तिथे बोटं नाही हलली तर?" तो भिंतीकडे बघत होता. "इथे बसलोय तोवर 'हलणार नाहीत' असं कुणी म्हटलेलं नाही. तिथे म्हणतील."

दुसरी कुणी बाई असती तर जाऊन जवळ बसली असती. मला राग आला. पंख, रंग, नाताळ — सगळं डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, "माझी बोटं बघ. बघ एकदा. तुझं एक नाही हलत, माझी दहाही फाटलीत. भीती वाटते असं तोंडाने सांगितलं असतंस तर एका वाक्यात काम झालं असतं."

"सांगता आलं नाही."

"जीभ तर धड आहे तुझी."

"त्याला नुसती जीभ पुरत नाही," तो म्हणाला.

सूप करपलं. तसंच खाल्लं.

२ फेब्रुवारी

त्याच्याशी कामापुरतंच बोलतेय. औषध. मोजे. बस.

पण काच मी सोडणार नाही. लोयझाला फोन केला. म्हणाला, "फुटक्या काचेत प्लास्टर भरा, वहिनी. वाळलं की साचा तयार. मग चॉकलेटच्या खोक्याचं पारदर्शक झाकण गॅसवर मऊ करायचं आणि साच्यावर दाबायचं."

प्लास्टर भरलंय.

५ फेब्रुवारी

पहिलं झाकण जळलं. दुसऱ्यावर बुडबुडे. तिसऱ्याला मधोमध भोक. घरभर वास, खिडक्या उघड्या, बाहेर बर्फ. बोहुश खुर्चीत, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून. मी चौथं चिमट्यात धरलं, दोन बाजूंनी, आणि ज्योतीवर फिरवत राहिले.

"फार वर धरलंयस," तो म्हणाला.

मी मान वळवली नाही.

"जरा खाली. अजून. बघ, ते आधी सुरकुततं, मग पुन्हा ताणून बसतं. ताणलं की लगेच. थांब... थांब... आता. दाब."

दाबलं.

निघाली. स्वच्छ. खिडकीशी धरली तर पलीकडचा बर्फ दिसला. तो मान पुढे काढून बघत होता. मी काच त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "घे. आता ही फोडायची तर फोड. मी पाचवी करीन. चॉकलेटं खाऊन लठ्ठ होईन, पण करीन."

त्याने बोटं मिटली नाहीत. तशीच उघडी धरून बसला, मी कात्री शोधून आणेपर्यंत.

९ फेब्रुवारी

काच बसली. एका कडेला डिंकाचा ढग आहे. काढू का, मी तीनदा विचारलं. "राहू दे," म्हणाला.

३ मार्च

बॅग भरली. मेव्हिस कपाटावर, मांजर नाही तेव्हा भीती नाही. निघताना तो दारात अडला. वाटलं, झालं, आता पुन्हा काहीतरी काढणार. म्हणाला, "टोपी राहिली." टोपी डोक्यावरच होती. मी ती काढली, झटकली, पुन्हा घातली. मग निघालो.

१९ मार्च, यान्स्के

मी खाली गावात एका बाईंकडे खोली घेतलीय, दिवसभर वर त्याच्याजवळ. रोज पाणी, रोज हात. बोटांत लाकडी ठोकळा देतात, तो पडतो. उचलून देतात, पडतो. संध्याकाळी तो माझ्यावर ओरडतो, चहा गार आहे म्हणून. चहा गरम असतो. मीही ओरडते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "तुमचं बरं आहे, बोलायला माणूस आहे." त्याने तोच चहा पिऊन टाकला.

१० एप्रिल, यान्स्के

डॉक्टरांनी आज सांगितलं. पाय सुधारेल. बोटं नाही. मला त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. त्याने डाव्या हाताने टोपी घातली. मग म्हणाला, "डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते म्हणे. चल, खाली दुकानात विचारू." आणि माझ्याआधी उठला.